अक्काच्या पिकअपचा हीटर

अक्का, तू गेलीस त्याला आज सतरा दिवस झाले आणि मी अजून एका जागी बसू शकलेलो नाही. खुर्चीवर टेकतो, उठतो, गॅलरीत जातो, परत येतो. हुबळीतल्या केशवापूरच्या या घरात फिरायला जागा तरी किती! बायको म्हणते, "अहो, बसा की जरा. सकाळपासनं नुसतं काय फिरायलाय?" तारिहाळला कारखान्यातही तेच. लेथवरचा माणूस काही विचारायला येतो, मी त्याचं अर्धं ऐकतो आणि पुढं निघून जातो. तो बिचारा हातात अर्धवट कातलेला जॉब घेऊन तसाच उभा.

परवा तुझ्या शाळेतले दोन जुने मास्तर आले होते. शोकसभेत वाचायला तुझ्यावर चार पानं लिहून द्या म्हणाले. तुझी नोकरी, ती सोडून काढलेला पत्रावळ्यांचा धंदा, अळणावरकडच्या बायकांना मिळालेलं काम, हे सगळं त्यांना माझ्यापेक्षा नीट ठाऊक आहे. तरी मी बसलो लिहायला. तीनदा कागद फाडला. कुठूनही सुरुवात केली तरी चार वाक्यांत ती पांढरी पिकअप येऊन उभी राहायची, आणि तिच्याबद्दल खरं लिहायचं तर ते सभेत वाचण्यासारखं नाही. म्हणून हे तुलाच लिहितोय. मास्तरांना त्यांचं दुसरं काहीतरी देईन.

तू शाळा सोडून जुनी पिकअप घेतलीस तेव्हा आपले अप्पा आठ दिवस तुझ्याशी बोलले नव्हते. मास्तरीण बाई माल भरून गाडी हाकणार, हे त्यांना झेपलंच नाही. तुला काहीच वाटलं नाही. पदर कमरेला खोचून तू स्टिअरिंगवर बसायचीस, आणि हुबळीच्या बाजारात हमाल हातातलं काम टाकून बघत राहायचे. तुझ्या डाव्या बाजूला गंगव्वा. अळणावरजवळच्या एका खेड्यातली, रानातलं कुठलं पान कधी तोडायचं हे बोटांवर असलेली. गावच्या पंधरा-वीस बाया तिनं गोळा केल्या. त्या पानं आणायच्या, टाचायच्या, गठ्ठे बांधायच्या, आणि तुम्ही दोघी ते हुबळी-धारवाडला पोचवायचात. शिक्षिकेला इकडं म्हणतात तसं ती तुला 'अक्कोरे' म्हणायची, आणि त्या मानाच्या हाकेला जोडूनच शिव्या द्यायची. "अक्कोरे, सावकाश! मला घरी नातू आहे." तू म्हणायचीस, "मग नातवाला बसव की इथं, तो तरी गप्प बसेल." अळणावर ते हुबळी तुमचं भांडण चालायचं, अर्धं कानडीत, अर्धं मराठीत. मी कधीतरी मागं गठ्ठ्यांवर बसून यायचो, आणि पुढच्या खिडकीतून तुमच्या दोघींच्या हलणाऱ्या माना बघायचो.

त्याच पिकअपमधून तू माझ्या बायकोला दवाखान्यात नेलंस. भर दुपार, रिक्षांचा संप, मी कारखान्यात. तू पत्रावळ्यांच्या गठ्ठ्यांवर दोन गाद्या टाकल्यास, तिला आडवं केलंस आणि गंगव्वाला मागं तिच्याजवळ बसवलंस. मी पोचलो तेव्हा मुलगी होऊन गेली होती. तू व्हरांड्यात उभी राहून कुणाच्यातरी डब्यातलं उप्पीट खात होतीस. "तम्मा, तुझी पोरगी गाडीतच होणार होती बघ, थोडक्यात वाचली," म्हणालीस आणि हसलीस. धाकटा भाऊ म्हणून तू मला तम्मा म्हणायचीस. आता तसं म्हणणारं कुणी नाही.

तुझे उपकार मोजायला बसलो की त्यांच्यामागून लगेच दुसरी गोष्ट पुढं येते, आणि मी पुन्हा उठून गॅलरीत जातो.

तो दहा वर्षांपूर्वीचा मार्च होता. तू एसटीडी बूथवरून कारखान्यात फोन केलास. "तम्मा, गाडीत पायाशी पाणी यायलंय. आणि वास येतोय बघ, गोडसर, पाक करपल्यागत. रेडिएटरचं पाणी पण रोज कमी व्हायलंय."

रविवारी येऊन बघितलं. डॅशबोर्डच्या आत, डाव्या बाजूला, एक वहीएवढा छोटा रेडिएटर असतो. इंजिनाचं गरम पाणी त्याच्यातून फिरतं, मागून पंखा वारा सोडतो, आणि तो गरम वारा गाडीत, काचेवर येतो. त्याला हीटर कोर म्हणतात. तुझ्या गाडीतला तो फुटला होता. बदलायचा म्हणजे सगळा डॅशबोर्ड उतरवायचा, दोन दिवसांचं काम. मी सोपं केलं. बॉनेट उघडून कोरकडं जाणारे दोन रबरी पाइप काढले आणि एकमेकांना जोडून टाकले. पाणी आत जाणंच बंद. गळती थांबली.

"झालं," मी म्हटलं. "हुबळीत हीटर कुणाला पाहिजे? इथं एप्रिलमध्ये माणूसच शिजतो."

"मला पाहिजे," तू म्हणालीस. "पावसाळ्यात त्या रानातनं येताना काचेवर आतनं वाफ धरते. हीटर लावला की दोन मिनिटांत काच साफ. हीटर नसेल तर मी एका हातानं पुसत गाडी चालवू काय?"

"पावसाच्या आधी नवीन बसवतो."

"नक्की?"

"नक्की, अक्का."

स्पेअर पार्टच्या दुकानात सांगून ठेवलं. कोर आला. जूनच्या सुरुवातीलाच आला, अक्का. खोका मी कारखान्यात नेला आणि माझ्या टेबलाखाली सरकवला. पहिल्या रविवारी सासरकडं कार्य होतं. दुसऱ्या रविवारी कारखान्यात ऑर्डर होती. तिसऱ्या रविवारी काहीच नव्हतं. मी घरी पडून क्रिकेट बघत होतो.

त्या महिन्यात तुझा दोनदा फोन आला. पहिल्यांदा तू विचारलंस तेव्हा मशीनचा आवाज होता, माणसं खोळंबली होती, आणि तोंडातून निघून गेलं, "अजून आला नाही, अक्का. बाहेरनं यायचाय." फोन ठेवला आणि विसरलो. दुसऱ्यांदा विचारलंस तेव्हा विसरलेलो नव्हतो. खोका माझ्या पायाला लागत होता. पहिलं खोटं सांभाळायला दुसऱ्यांदा बोललो, "आठवडाभर लागेल." तू म्हणालीस, "बरं. आला की सांग. रानात पाऊस लागलाय आता."

जुलैमध्ये ते झालं. सकाळची वेळ, हुबळीच्या एका मठात दुपारी मोठी पंगत, आणि पत्रावळ्या तुमच्या गाडीत. पाऊस बाहेर जितका, तितकी वाफ आत. फुटलेल्या कोरचं पाणी आधी पंख्यानं काचेवर उडालेलं, त्यातल्या कूलंटचा तेलकट थर आत बसला होता. पुसला तरी पसरायचा. तू उजव्या हातानं स्टिअरिंग धरून डाव्या हातानं फडकं फिरवत होतीस. गंगव्वा म्हणाली, थांबा, काही दिसत नाही. तू म्हणालीस, पंगत थांबत नाही. अळणावरहून थोडं पुढं आल्यावर वळणावर लाकडं भरलेली एक लॉरी बंद पडून उभी होती. तुला ती दिसली तेव्हा फार जवळ होती. तू गाडी डावीकडं घातलीस आणि ती चरात गेली. तुझं मनगट मोडलं. गंगव्वाचा गुडघा डॅशबोर्डवर आपटून फुटला. ती त्या फुटक्या हीटरच्या बरोबर समोर बसली होती.

धारवाडच्या दवाखान्यात मी धावत आलो. तू खाटेवर बसलेली, हात गळ्यात अडकवलेला, साडीवर चिखल. आणि मी काय म्हणालो आठवतं? मला आठवतं. बाकी सगळं विसरलो तरी ते विसरत नाही.

"किती वेगात होतीस, अक्का?"

तू माझ्याकडं बघितलंस. "काच दिसत नव्हती रे."

"मग थांबायचं होतंस."

इतकं सहज आलं ते. आधीपासून तयारच ठेवल्यासारखं. पलीकडच्या खाटेवर गंगव्वा कण्हत होती. तिनं ते ऐकलं. "तेच मी सांगत होते," ती म्हणाली आणि भिंतीकडं तोंड केलं.

पुढच्या शनिवारी मी खोका घेऊन तुझ्या धारवाडच्या घरी आलो. गाडीचं पुढचं तोंड तोवर गॅरेजवाल्यानं ठोकून सरळ केलं होतं, आणि ती तुझ्या अंगणात ताडपत्रीखाली उभी होती. तू हात प्लास्टरमध्ये घेऊन स्टुलावर बसलीस.

"हा कधी आला?" तू विचारलंस.

"परवा."

तू खोका मांडीवर घेतलास. त्याच्यावर आमच्या कारखान्यातली काळी धूळ बसली होती, ग्राइंडरची, लोखंडाची. दोन दिवसांत बसते तेवढी ती नव्हती. तू पदरानं ती पुसलीस. पदराला काळा पट्टा उमटला. तो तू बघितलास, मीही बघितला. मग तू खोका माझ्या हातात दिलास आणि म्हणालीस, "चल, कर सुरू. परत पाऊस येईल."

तुला तेव्हा कळलं की नाही? दहा वर्षं मी हाच प्रश्न घेऊन फिरतोय. कळलं असेल तर तू बोलली का नाहीस? आणि कळलं नसेल तर संध्याकाळी ती साडी धुवायला टाकताना तुझ्या मनात काय आलं असेल?

ते दोन दिवस मात्र, खरं सांगतो, माझ्या आयुष्यातले चांगले दिवस होते. असं म्हणायची लाज वाटते, पण होते. बॅटरीची वायर काढली, खालची तोटी सोडून पाणी काढलं, स्टिअरिंग उतरवलं, मग डॅशबोर्ड. स्क्रू सगळीकडं, काही लांब, काही आखूड, आणि मी ते नेहमीसारखे एका डब्यात टाकायला लागलो तर तू ओरडलीस. आतून पत्रावळ्या आणायला लावल्यास. एकेका भागाचे स्क्रू एकेका पत्रावळीत, आणि प्रत्येकीत डाव्या हातानं लिहिलेली चिठ्ठी. 'मीटरखालचे चार.' 'खणाच्या बाजूचे दोन.' अंगणात पंगत मांडल्यासारखी पानं. शेजारच्या बाईनं कुंपणावरून विचारलं, "काय हो बाई, जेवायला कोण कोण येणार?" तू म्हणालीस, "आधी गाडी जेवणार, मग आम्ही."

जुना कोर बाहेर काढला तेव्हा तो खालच्या कोपऱ्यात हिरवा पडला होता. तू तो हातात घेऊन उजेडात धरलास. सुई जाईल न जाईल एवढं भोक. "एवढंसं?" म्हणालीस. एवढंच.

नवीन कोर बसवला, कडेनं स्पंज लावला, पाइप जोडून नव्या क्लिपा आवळल्या. रविवारी दुपारी चारच्या सुमारास डॅशबोर्ड जागेवर बसला. एकही स्क्रू उरला नाही. इंजिन चालू केलं, हीटरचा दांडा पूर्ण लाल खुणेवर नेला. पंखा फिरला आणि वारा आला थंड.

मी हात टेकले. इतकं करून थंड! पुन्हा सगळं उतरवायचं की काय? तू म्हणालीस, "पाइपमध्ये हवा अडकली असेल काय रे? शाळेत सायफनच्या प्रयोगाला व्हायचं तसं. तोंड वर करून बघ गाडीचं." तुझ्या घरासमोर धारवाडचा तो चढ. मी गाडी चढावर नेली, नाक आभाळाकडं करून उभी केली, चाकामागं दगड लावले, रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून इंजिन चालू सोडलं आणि पाइप हातानं दाबत राहिलो. भुसभुस करत बुडबुडे आले. पाणी खाली गेलं, आणखी ओतलं. तू आत बसली होतीस, काचा बंद करून.

एकदम तू आतून काचेवर टकटक केलंस. तुझं तोंड लाल झालं होतं, कपाळावर घाम, आणि तू हसत होतीस. काच खाली केलीस तर गरम वाफारा माझ्या तोंडावर आला. "आयतु, तम्मा! झालं!" पुढची काच आरपार दिसत होती. दोघांनी गाडीत बसून काचा लावल्या आणि हीटर पूर्ण सोडून तिथंच बसलो, घामाघूम होईपर्यंत. तेव्हा सांगायचं होतं मला. जिभेवर आलं होतं. "अक्का," मी म्हटलं. तू वळलीस. "काय?" मी म्हटलं, "क्लिपा आठ दिवसांनी परत एकदा आवळायला लागतील."

गंगव्वा मात्र परत कामावर आली नाही. तिचा गुडघा नीट जुळला नाही आणि ती काठीवर आली. तू दोनदा तिच्या गावाला गेलीस. दोन्ही वेळा तिनं नातवाकडून निरोप पाठवला, आजी झोपलीय. अक्कोऱ्यांमुळं माझा पाय गेला, पंगतीपायी त्यांनी माझं ऐकलं नाही, असं ती गावात सांगत राहिली. तिच्या बाया दुसऱ्या व्यापाऱ्याकडं गेल्या. तू दुसऱ्या गावात नव्यानं सुरुवात केलीस, पण डाव्या सीटवर पुन्हा कुणाला रोज बसवलं नाहीस. तिथं टोपली ठेवायचीस.

आणि आपला वाद चालूच राहिला. दर दिवाळीला, फराळ करता करता, कशावरून तरी विषय निघायचा. तू म्हणायचीस, काच दिसत नव्हती. मी म्हणायचो, थांबायचं होतंस. माझं म्हणणं चुकीचंही नव्हतं, म्हणून तर ते इतकी वर्षं टिकलं. तू थांबायला हवं होतंस, खरंच. पण ते सांगायचा हक्क गंगव्वाचा होता. मी तो तिच्याकडून उचलला आणि त्याच्यामागं लपलो.

तू आजारी पडल्यावर मी ठरवून आलो होतो. कारखान्यातून रजा काढून, बसमध्ये वाक्यं जुळवत. तू खाटेवर उशीला टेकून बसली होतीस, हाडं दिसत होती. मी खुर्ची ओढली, तेवढ्यात तू म्हणालीस, "आलास? बरं झालं. मोरीतला नळ गळतोय बघ, टपटप आवाजानं डोळा लागत नाही." आणि मला सुटल्यासारखं झालं, अक्का. मी पाना हुडकला, वॉशर बदलला, तासभर त्या नळाशी घालवला. बाहेर आलो तर तू झोपली होतीस. चार दिवसांनी गेलीस.

तेराव्याला ती तुझ्या घरी आली. गंगव्वा. पहिल्या बसनं, एकटी, काठी टेकत. केस पार पांढरे झालेत. फाटकाशी उभी राहिली आणि आत येईना. मी पुढं गेलो. ती म्हणाली, "मोबाईलवरनं नातवाला कळलं, अण्णा. काल." मग म्हणाली, "शेवटी काही म्हणाल्या काय, माझ्याबद्दल?"

मी काय सांगणार होतो? तिथंच, फाटकात, चपला न घालता उभा राहून मी तिला सगळं सांगितलं. कोर, खोका, टेबलाखाली, दोन फोन. क्रिकेटसुद्धा. ती ऐकत होती. मधे एकदा फक्त "याक?" म्हणाली. का? मी म्हटलं, आळस, गंगव्वा. दुसरं काही नाही.

ती काठीवर दोन्ही हात ठेवून उभी राहिली. मला वाटलं शिव्या देईल. द्यायला हव्या होत्या.

"त्या दोनदा माझ्या दारात आल्या," ती म्हणाली. "ऊन होतं. मी आत बसून ऐकत होते, नातवाशी बोलताना. पाणीसुद्धा विचारलं नाही मी. आणि तुम्ही आत्ता सांगायलाय? त्या गेल्यावर?"

तिनं मला बाजूला सारलं. काठीनं नव्हे, हातानं. पायऱ्या चढून, लंगडत, तुझा फोटो ठेवला होता त्या खोलीत गेली आणि दार आतून लोटून घेतलं. मी बाहेर उभा. आधी काही ऐकू येईना. मग तिचा आवाज चढला. ती तुला भांडत होती, अक्का. कानडीत, मराठीत, दोन्हींत. थांबला का नाहीत म्हणून. परत तिसऱ्यांदा आला का नाहीत म्हणून. तिसऱ्यांदा आला असतात तर मी उठले असते, म्हणाली. मग रडली. पंगतीला आलेले लोक अंगणातच थांबले. कुणी आत गेलं नाही.

बऱ्याच वेळानं दार उघडलं. डोळे पुसत ती बाहेर आली, उंबऱ्याशी पायरीवर बसली, दुखरा पाय लांब केला.

"आता तुम्ही जावा आत," म्हणाली.

मी आत गेलो. दार लावलं. समोर तू, माझ्या मुलीच्या बारशातला तो फोटो. हात जोडले. पुटपुटलो काहीतरी.

बाहेरून गंगव्वानं दारावर काठी आपटली.

"मोठ्यानं बोला, अण्णा. मलापण ऐकू येऊ दे."

मग मी मोठ्यानं बोललो, अक्का.